तुम्ही कोणाच्या बाजूने बसणार?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

"सप्रेम नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. घरात मामाजी, सासूबाई, यजमान, मी आणि दोन मुले आहोत. चौदा एकर कोरडवाहू शेती आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन घेतो. यजमानांनी दहावीनंतर शाळा सोडली आणि वखर हाती धरला. धाकटे दीर शिकले, पुण्यात नोकरीला आहेत. नणंद दारव्ह्याला दिली आहे. मागच्या दिवाळीत दिरांनी फ्लॅट घेण्यासाठी आपला हिस्सा मागितला. मामाजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. तेव्हापासून यजमान मामाजींशी बोलत नाहीत. 'आबाजीले सांग, जेवाले बसा' एवढा निरोपसुद्धा माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून जातो. सासूबाई रोज संध्याकाळी दिरांना फोन लावतात आणि बोलणे शेवटी माझ्या नावावर येऊन थांबते. मुलीचे पोट सारखे दुखते. दोन डॉक्टरांना दाखवले, काही निघाले नाही. परवा रात्री यजमान म्हणाले, 'मी नसलो तं तुमचं सारं सुटन.' आमच्या आशाताई म्हणाल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी कुटुंबाचे समुपदेशन करणाऱ्या बाई असतात, त्यांना भेटा. यजमान म्हणतात, 'मले काय येड लागलं काय?' तुम्ही हेच काम करता, म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही नेमके काय शिकलेल्या असता? आमच्या घरातले बाहेरच्या बाईला काय कळणार? आणि तुम्ही कोणाच्या बाजूने बसणार?"

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत आणि तिन्हींची उत्तरे मी सविस्तर देणार आहे. मात्र तुमच्या पत्रात प्रश्नचिन्ह नसलेले एक वाक्य आहे, त्याचे उत्तर त्यांच्याआधी द्यायला हवे. "मी नसलो तं तुमचं सारं सुटन" हे वाक्य रागात निसटले असेल, थकव्यातून आले असेल किंवा त्यामागे खरोखर काही घोळत असेल. यांपैकी काय खरे आहे, हे मला पत्रावरून किंवा तुम्हाला चेहऱ्यावरून ठरवता येणार नाही. ते विचारावेच लागेल. मुले झोपल्यावर, दोघेच असताना, सरळ शब्दांत विचारा : "तुम्ही परवा असे बोललात. जीव द्यायचा विचार मनात येतो काय?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती सर्वत्र आहे आणि ती निराधार आहे. विचारल्याने माणसाचा कोंडमारा थोडा सैल होतो, असाच या क्षेत्रातल्या लोकांचा अनुभव आहे. उत्तर "हो" आले, किंवा उत्तरच आले नाही आणि तुमचे मन ग्वाही देईना, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या.

दुसरी गोष्ट अगदी हाताशी असलेली आहे. सध्या फवारणीचे दिवस आहेत आणि आपल्याकडे औषधाचे डबे छपरीत, खाटेखाली नाहीतर कोठ्यात ढेपेच्या पोत्यामागे ठेवलेले असतात. ते आजच घराबाहेर काढा. कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाकडे द्या. अशी लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात डबा हाताशी नसणे याने माणूस वाचतो. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते; ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. पोलिसांची भीती घरात कोणी घालत असेल, तर एवढे सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरून चालायचे ठरवले आहे. त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घ्यायची असते. तुमच्या आशाताईंनाही यजमानांचे ते वाक्य जसेच्या तसे सांगा. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत २०१५ पासून शेतकरी कुटुंबांसाठी जो प्रेरणा प्रकल्प राबवला गेला, त्यात आशाताईंचे काम नेमके हेच होते.

हे झाल्यावर आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

तुम्ही माझे शिक्षण विचारलेत, याचा मला आनंद झाला, कारण तो कोणी विचारत नाही. समुपदेशक ही पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतो आणि लावतोही. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो, तो औषध लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. मी या दोहोंपैकी नाही. मी नागपूरला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, त्यानंतर एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काही वर्षे सामाजिक कार्यकर्ती होते, आणि कुटुंबांबरोबर काम करण्याचे प्रशिक्षण मी नोकरी करता करता, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली घेतले. मी औषध देत नाही; गरज दिसली तर डॉक्टरांकडे पाठवते. तुम्ही ज्या बाईंकडे जाल त्यांना हेच विचारा : काय शिकलात, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, आणि सासू, सासरे, मुलगा, सून असे सगळे एकाच खोलीत बसवून बोलण्याचा अनुभव किती आहे. या प्रश्नाचा ज्यांना राग येईल, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही.

माझ्या शिक्षणाचा एक भाग मात्र कोणत्याही पदवीत बसत नाही. मी आर्वी तालुक्यातली आहे. माझे वडील आणि काका यांच्यात वाटणी झाली तेव्हा मी सहावीत होते. अंगणाच्या मधोमध कमरेएवढी विटांची भिंत उभी राहिली. तिला गिलावा कधीच झाला नाही, कारण कोणत्या बाजूने कोणी करायचा, हेही ठरेना. काकू पलीकडून वाटीभर सोले द्यायची ते भिंतीवर ठेवून निघून जायची, आणि मी ती वाटी उचलली की वडील घरात असतील तर ती परसदारातून आत न्यायची, हे मला कोणी न सांगता कळले होते. तुमची मुलगी आज काय करते आहे ते मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आणि एक चूकही सांगते, कारण तिच्यामुळेच माझी आजची पद्धत ठरली. रुग्णालयानंतर मी एका महिला समुपदेशन केंद्रात होते. नव्याची उमेद होती, घर जोडणे म्हणजेच यश असे वाटायचे. एका तरुण सुनेला मी "एकदा सांभाळून घे" म्हणून परत पाठवले. नवऱ्याने कागदावर सही केली, सासूने डोक्यावर हात ठेवला, मी समाधानाने फाईल बंद केली. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. पहिल्या भेटीत मी तिला एकटीला पाच मिनिटेही विचारले नव्हते. तेव्हापासून माझा नियम आहे की घरातल्या प्रत्येक बाईला मी आधी एकटीला भेटते, आणि जिथे मारहाण आहे तिथे सगळ्यांना एकत्र बसवण्याची घाई करत नाही. तिथे आधी सुरक्षितता आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती येते. तुमच्या पत्रात मारहाणीचा उल्लेख नाही. तरीही मी तुम्हाला एकटीला विचारेनच.

आता बाहेरच्या बाईला तुमच्या घरातले काय कळणार, हा प्रश्न. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, हे खरे आहे. पण घरातल्या माणसालाही घर पूर्ण दिसत नाही, कारण तो त्याच्या आत एका ठरावीक जागी उभा असतो. पूर्वी मनाच्या दुखण्यावर उपचार म्हणजे एका माणसाला बाजूला काढून त्याच्याशी बोलायचे, अशीच समजूत होती. १९५० च्या दशकात ती दोन ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना, ढिली झाली. अमेरिकेत मरी बोवेन या डॉक्टरांनी रुग्णांची संपूर्ण कुटुंबेच रुग्णालयात राहायला आणली, आणि इकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉक्टर विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातलगांसाठी आवारात तंबू ठोकले. पहिल्याचा हेतू अभ्यासाचा होता, दुसऱ्याचा बराचसा सोयीचा. पण दोघांनाही दिसले की घर सोबत असले की दुखणे वेगळे दिसते आणि वेगळ्या तऱ्हेने बरे होते. आपल्या लोकांना हे कोणी शिकवायची गरज नव्हतीच. कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहा, रुग्ण एक आणि डबा घेऊन बसलेले चार असतात.

मी ज्या विचाराने काम करते तो इव्हान बोसोर्मेन्यी-नॉज या मानसोपचारतज्ज्ञांचा आहे. ते १९२० साली बुडापेस्टला जन्मले, १९५० मध्ये अमेरिकेत गेले आणि फिलाडेल्फियात त्यांनी आयुष्यभर कुटुंबांबरोबर काम केले. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक घरात देण्याघेण्याची एक अलिखित खातेवही असते. कोणी किती दिले, कोणाला किती मिळाले, ज्याने दिले त्याचे देणे कोणी मान्य केले की नाही, याची नोंद घरातला प्रत्येक जण मनात ठेवतो, आणि मान्य न झालेले देणे पुढच्या पिढीकडून वसूल होऊ लागते. शहरातल्या वाचकाला ही उपमा वाटेल. जिथे सोसायटीचे कर्ज बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर येते, तिथे ती समजावून सांगावी लागत नाही.

तुमच्या घराची वही मी पत्रावरून जेवढी वाचू शकले तेवढी सांगते. चुकले असेल तर दुरुस्त करा. यजमानांनी दहावीला शाळा सोडली. ती त्यांनी सोडली, की घराला एका हाताची गरज होती म्हणून सुटली, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला वाटते घरातही हे कोणी मोठ्याने बोललेले नाही. त्यांच्या त्या वर्षांवर धाकट्याचे शिक्षण उभे राहिले. धाकट्याने हिस्सा मागितला, यात कायद्याने काही चूक नसेल. पण ज्या दिवशी तो मागितला गेला, त्या दिवशी थोरल्याच्या मनातली वही उघडली आणि त्याने बापाकडे पाहिले. त्याला जमिनीचा निकाल नको असावा. "याने शाळा सोडली म्हणून तू शिकलास" हे एक वाक्य मामाजींच्या तोंडून धाकट्यासमोर निघावे, असे त्याला वाटले असावे. मामाजी गप्प राहिले. दहा महिन्यांचा अबोला त्या गप्पपणाचे उत्तर आहे, असा माझा अंदाज आहे.

दिरांचीही बाजू त्याच वहीत असणार. ज्या मुलाला "तू घराचं नाव काढशील" म्हणून बाहेर पाठवतात, त्याला नाव काढल्याशिवाय परत येता येत नाही, आणि परत आला की त्याच्याच घरात त्याच्यापुढे पाहुण्याचे ताट येते. तो काय पाठवतो, काय सोसतो, ते मला माहीत नाही, मी विचारेन. सासूबाईंचा संध्याकाळचा फोन म्हणजे दूरच्या लेकाला घराशी बांधून ठेवणारी दोरी आहे. घरातल्या मोठ्या तणावाविषयी त्या फोनवर बोलू शकत नाहीत, कारण बोलल्या तर कोणत्या तरी एका लेकाच्या विरोधात बोलल्यासारखे होईल. मग बोलण्यासाठी निर्धोक विषय उरतो तो सुनेचा. दोन माणसांमधला ताण दोघांना पेलेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते, हे बोवेन यांनी फार नेमके दाखवले आहे. फोनवर नाव तुमचे निघते, दुखणे मात्र दोन लेकांमधले आहे. यामुळे तुम्हाला होणारा त्रास कमी ठरत नाही, पण त्याला उत्तर देताना सासूबाईंशी भांडून उपयोग का होत नाही ते यातून कळेल.

मामाजींना मी बोलते कसे करेन, असे तुम्हाला वाटत असेल. मनात काय आहे असे मी त्यांना विचारत नाही. सत्तरीच्या जवळ आलेल्या कास्तकाराला असा प्रश्न विचारणे म्हणजे त्याला उठून जाण्याचे निमित्त देणे. मी एक मोठा कागद पसरते आणि तीन पिढ्यांचा नकाशा काढायला घेते. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, लग्नाची रेघ, अबोल्याची तुटक रेघ. विचारते ते एवढेच की हे चौदा एकर तुमच्या वाट्याला कसे आले, किती भाऊ होते, धुरा कोणत्या बाजूने पडला. काही वर्षांपूर्वी एका आजोबांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माणसांच्या आधी विहीर काढली. मग तिच्या भोवती चार भाऊ मांडले आणि एका भावाच्या चौकोनावर अंगठा ठेवून म्हणाले, "याच्याशी म्या सव्वीस वर्षं बोललो नाही. मेला तवा गेलो." त्यांचा मुलगा तिथेच बसलेला होता आणि त्याने ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. त्या बैठकीत पुढचा बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मीही बोलले नाही.

दुसरे एक घर, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. थोरल्या भावाने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. धाकट्याच्या अकरावीपासूनची प्रत्येक रक्कम तीत होती : वसतिगृह, एसटीचा पास, एका पानावर "बूट" आणि पुढे आकडा. धाकटा चिडला, म्हणाला, "भाऊ, तू माह्यावर उधारी लिहत होता काय?" थोरला काही वेळ वहीकडे पाहत राहिला आणि म्हणाला की वसुलीसाठी नव्हती लिहिली, कोणी विचारले तर दाखवायला लिहिली होती, आणि कोणी विचारलेच नाही. वाटणी त्यांच्यात झालीच. विहिरीच्या पाळीवरून पुढे एकदा तंटाही झाला. पण तो दोघांनी तोंडासमोर केला, आणि मी त्या घराची फाईल बंद केली.

म्हणजे मी कोणाच्या बाजूने बसणार? बोसोर्मेन्यी-नॉज यांनी याचे जे उत्तर दिले आहे तेच मी पाळते : सगळ्यांच्या, पण एका वेळी एकाच्या. मी मामाजींशी बोलत असेन तेव्हा पूर्ण त्यांच्या बाजूने ऐकेन, तेव्हा तुम्हाला वाटेल की ही बाई सासऱ्याला मिळाली. पुढच्या अर्ध्या तासात सासूबाईंना वाटेल की ही सुनेला मिळाली. हे थोडे सहन करावे लागते. २००७ पासून आपल्या गावांत महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे, तिची समिती तटस्थ बसते आणि तिला शेवटी कागदावर तडजोड हवी असते. ते काम वेगळे आणि त्याच्या जागी चांगले आहे. मी तटस्थ नसते आणि तडजोडही करून देत नाही. कोणाला किती एकर, हे मी सांगणार नाही. त्यासाठी वकील आहे, तहसील आहे.

या "सगळ्यांच्या" मध्ये खोलीत नसलेली माणसेही येतात, आणि इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. नणंद दारव्ह्याला दिली आहे, एवढ्या एका वाक्यात ती पत्रातून संपली. हिस्सा दोन भावांचा आहे असे धरून सगळे घर दहा महिने रुसून बसले आहे आणि तिला कोणी विचारल्याचे दिसत नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मानेच असल्याचे स्पष्ट केले आहे. भाऊबीजेची साडी दिली की हक्कसोडपत्रावर सही मिळते, असे आपल्याकडे धरूनच चालतात. ती सही करेल किंवा करणार नाही. पण वहीत तिचेही पान आहे आणि ते कोरे ठेवून बाकीचा हिशेब जुळत नाही. तुमच्यावर हा आरोप नाही, ताई. आपण सगळ्याच अशा लिहायला शिकलो आहोत.

सर्वांत जास्त काळजी मला तुमच्या मुलीची वाटते. तिचे पोट खरेच दुखते. ती सोंग करत नाही, आणि "टेन्शनचं आहे" म्हणून ते सोडून देऊही नका. वजन घटू लागले, ताप आला, उलट्या होऊ लागल्या किंवा दुखण्याने ती रात्री झोपेतून उठू लागली, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. मात्र दोन डॉक्टरांना काही सापडले नसेल, तर ती दिवसभर काय उचलते आहे, तेही पाहायला हवे. घरातल्या दोन मोठ्या पुरुषांमधला पूल म्हणून एक अकरा वर्षांची पोर उभी आहे. कोणता निरोप जसाच्या तसा पोचवायचा, कोणता थोडा गोड करून, आबाजींचे उत्तर बाबांना सांगताना कोणता शब्द गाळायचा, हे सगळे तिला ठरवावे लागत असणार. तिला यात महत्त्वही वाटत असेल, म्हणून ती स्वतःहून हे काम सोडणार नाही. ते तिच्याकडून काढून घ्यावे लागेल.

समुपदेशकाची भेट होण्याआधीच तुम्ही हे करू शकता. यजमानांना शांतपणे सांगा की आजपासून आबाजींचा निरोप पोरीच्या हाती जाणार नाही. नंतर ते काम तुम्ही स्वतःकडे घेऊ नका, हे अवघड आहे आणि महत्त्वाचे आहे. पहिले काही दिवस मामाजींचे ताट वाढलेले राहील, वरण गार होईल, बैल कोणी सोडायचे यावर घोळ होईल. होऊ द्या. मुलीने सवयीने उठून विचारले, "आबाजीले सांगू काय?" तर तिला म्हणा, "तुझं काम नाही बेटा, ते मोठे आहेत, पाहून घेतील." हे तिने मोठ्यांना ऐकवायचे नाही, तुम्ही तिला ऐकवायचे आहे, आणि शक्यतो दोघांच्याही कानावर पडेल अशा आवाजात.

यजमानांना आणायचे कसे? "तुम्हाला गरज आहे" या शब्दांनी कोणताही पुरुष दवाखान्याच्या पायरीपर्यंत येत नाही. खोटे बोलूनही आणू नका. रक्त तपासायला म्हणून आणलेला माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा माझ्यावरचा त्याचा विश्वास आधीच खर्च झालेला असतो. जे खरे आहे तेच सांगा : पोरीचे पोट दुखते, डॉक्टरांना काही सापडत नाही, घरातल्या सगळ्यांना एकदा बोलावले आहे. बाप मुलीसाठी येतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तरीही नाहीच आले, तर तुम्ही एकट्या या. एका माणसाने आपली जागा थोडी बदलली की बाकीच्यांना आपापली जागा बदलावी लागते. वखराच्या जोडीत एक बैल चाल बदलतो तेव्हा काय होते, ते तुम्ही पाहिले आहे. यात एक धोकाही आहे, तो सांगायला हवा : एकटी सून येऊ लागली की घर सुधारण्याचे सगळे ओझे तिच्याच डोक्यावर बसते. म्हणून दोन-तीन भेटींनंतर मी स्वतः मामाजींना फोन करते आणि त्यांचा सल्ला हवा आहे म्हणून बोलावते. तो खरोखरच हवा असतो.

गावात कळेल का, ही भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण असणारच. मी ऐकलेले बाहेर जात नाही. २०१७ च्या कायद्यानेही मानसिक आरोग्याविषयीची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. अपवाद आहेत ते आधीच सांगते : कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाने मागितले, तर मला गप्प राहता येत नाही. बाकी गावच्या नजरेचे म्हणाल, तर माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बाया बाजाराच्या दिवशी येतात. पिशवीत भाजी असली की एसटीत कोणी काही विचारत नाही. फोनवरून बोलण्याची सोय आता अनेक ठिकाणी आहे, पण जिथे घराला दोनच खोल्या आहेत आणि सासूबाई छपरीत बसलेल्या आहेत, तिथे मी ती सुचवत नाही.

वेळेचे गणित असे. पोळ्यानंतर वेचणी सुरू होईपर्यंत थोडी उसंत मिळते, ती साधा. एक बैठक तास-दीड तासाची, साधारण पंधरा दिवसांनी एक. सहा-आठ बैठकांत घर बदलत नाही, पण बोलणे सुरू होते की नाही, ते नक्की कळते. वेचणीच्या भरात मी कोणाला बोलावत नाही आणि न आल्याबद्दल रागवत नाही. जिल्हा रुग्णालयात गेलात तर फारसा खर्च येत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर फसवल्यासारखे वाटणार नाही : कापसाचा भाव, पावसाचा खंड आणि बँकेचा हप्ता यांतले काहीही माझ्या खोलीत सुटत नाही. दिरांना हिस्सा द्यावाच लागला, तर चौदाचे सात किंवा त्याहूनही कमी होतील आणि ते दुखेल. ते दुखणे बाप आणि लेक एकमेकांशी बोलत असताना सोसायचे की न बोलता, एवढ्यापुरताच माझा उपयोग.

आधी आज रात्रीचा तो प्रश्न विचारा आणि डबे हलवा. बाकीचे पंधरा दिवस थांबू शकते. येताना सातबारा आणायची गरज नाही. नणंदेचा फोन नंबर मात्र आणा.